तप्पायतु मास्तर

आमच्या दुकानात 'चुकलो' म्हणता येणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या घरचा नव्हता.

म्हैसूरच्या बाजारामागच्या गल्लीत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कोट-पँट शिवण्याचं दुकान होतं. कित्येक पिढ्यांपूर्वी इथे येऊन राहिलेली, विठोबाला मानणारी, घरात मराठी बोलणारी आणि भांडण रंगात आलं की कानडीवर जाणारी आमची मंडळी. शिवण्यात हात चांगला चालायचा, तोंड त्याहून चांगलं. कोट आखूड झाला तर आप्पा म्हणत, "कापड आटलं साहेब, हल्लीच्या गिरण्याच तशा." घट्ट झाला तर, "लग्न मानवलं हो तुम्हाला." हे ते इतक्या गोडीने सांगत की गिऱ्हाईक स्वतःच्या पोटाबद्दल ओशाळून परत जाई. चूक आपल्याकडे घ्यायची नाही, हा आमचा कुळाचारच होता. आणि त्याच दुकानात आमचे कटर मास्तर गळ्यात टेप घालून पुढे येत आणि गिऱ्हाइकाने आरशात पाहायच्या आत सांगून टाकत, "तप्पायतु सर. डावी बाही पाव इंच जास्त कापली मी. उद्या नीट करून देतो."

तप्पायतु म्हणजे चुकलं, माफ करा. मास्तर मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. त्यांची बायको इथल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली, तिच्यामागून ते म्हैसूरला आले. वीस वर्षं राहूनही त्यांचं कानडी बसचं तिकीट आणि कॉफी यांच्यापुढे गेलं नाही, पण हा एक शब्द त्यांनी असा घोटला होता की कारागिरांनी त्यांचं नावच तप्पायतु मास्तर पाडलं. उंच, जरा पोक आलेले, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. रविवारी ते कानडी उपासनेला जात आणि सगळे कानडीत गात असताना त्याच चालीवर मराठी शब्द गात. "शेजारचे वळून बघतात," ते सांगत, "मी तप्पायतु म्हणतो आणि पुढचं कडवं घेतो."

आप्पांनी असल्या माणसाला कसं ठेवून घेतलं, असं कोणी विचारलं तर आप्पा त्याला मास्तरांनी बेतलेला कोट घालून दाखवत. खांद्यावर तो असा बसायचा की माणूस आपोआप ताठ उभा राहायचा. "हात देवाने दिलाय, तोंड द्यायला विसरला," आप्पा म्हणत.

मास्तरांची आणखी एक सवय होती. आपल्या हातून कापडात काही चुकलं आणि ते जोडून, सांधून निभावून न्यावं लागलं, तर त्या जागी अस्तराच्या खाली ते पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके घालत, आडवा आणि उभा. बाहेरून काही दिसत नसे. माझा भाऊ अण्णा त्यांना चिडवायचा, "मास्तर, गुपचूप तुमच्या धर्माचा शिक्का मारता काय आमच्या कोटांवर?" मास्तर दोरा दातांनी तोडत म्हणत, "शिक्का नाही रे. उद्या कोणी हे उसवलं तर त्याला कळावं, की इथे मास्तर चुकला होता. नाहीतर तो बिचारा कापडाला दोष देईल." अण्णाला हे अजिबात कळायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा हसूच यायचं.

दुपारी डबे झाले की कॉफी येई आणि आप्पा मास्तरांच्या देवाला धारेवर धरत. द्वेष त्यात नव्हता. धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याचा बुडीत धंदा बघून वाटते तशी हळहळ होती.

"ऐका मास्तर. तुमचा देव. आंधळ्याला डोळे देतो, मेलेल्याला उठवतो. मत्ते, मग स्वतःला खिळे मारताना सुम्मने, अगदी गप्प, का राहिला? उतरायचं ना खाली! चार लोकांनी बघितलं असतं, अख्खं गाव पाया पडलं असतं. व्यवहार म्हणून काही आहे की नाही?"

"तेव्हाही लोक हेच ओरडत होते आप्पा, उतर म्हणून."

"मग? शहाणेच होते ते."

"होतेच. शहाणे सगळे खालीच उभे होते."

आप्पा भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीकडे बघून "पांडुरंगा, बघ रे बाबा" असं पुटपुटत. एकदा मात्र मास्तर कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाले, "मलाही ते डोक्याने पटत नाही हो. डोक्याने बघितलं तर तो हरलेला माणूस आहे. पण मी जेव्हा काही चुकून, तोंड लपवत घरी जातो ना, तेव्हा जिंकलेल्या देवापुढे मला उभं राहवलं नसतं. याच्यापुढे राहवतं." आप्पांनी प्रेमाने कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "हुच्चा!" हुच्चा म्हणजे वेडा. मास्तर हसून कामाला लागले.

मी त्या दुकानात आले ती सव्विसाव्या वर्षी, विधवा होऊन. मला हुबळीला दिलं होतं. नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी निरोप पाठवला, की इंदूला परत पाठवा, स्वयंपाकाला माणूस हवंच आहे. मला ते घर माहीत होतं, त्यातलं धुराने काळं झालेलं स्वयंपाकघरही. मी आप्पांना म्हटलं, मला इथेच राहून काही शिकू द्या. आमच्यात बायका काजं करत, बटणं लावत, हातशिलाई करत, पण घरी बसून. कापड बेतायच्या टेबलाला बाईचा हात लागलेला नव्हता. आप्पा घुटमळत होते. तेव्हा मास्तरच म्हणाले, "आप्पा, इंदूबाईंचा डोळा सरळ आहे. खडूची रेघ न मारता सरळ कापतात. उभं करा त्यांना टेबलाशी, मी शिकवतो."

आप्पांनी शेवटी होकार दिला, पण अट घालून. "वर्षभर बघतो. एक जरी कापड तुझ्या हातून बिघडलं, तर टेबल सोडायचं आणि हुबळीची गाडी धरायची. आय्तु?"

"आय्तु," मी म्हटलं. ठरलं.

मास्तर शिकवायचे ते हाताने. माप घेताना टेप आवळायची नाही, माणसाला श्वास घेऊ द्यायचा. कापडाला आधी हात लावायचा, कात्री मग. एकदा त्यांनी मखमलीचा एक तुकडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "ही मांजरासारखी असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलट्या बाजूने फिरवला तर अंगावर येते. हिची लव ज्या दिशेला जाते, त्या एकाच दिशेने सगळे तुकडे बेतायचे. नाहीतर एकाच कोटात दोन रंग दिसतात." मी मान डोलावली. मान डोलावण्यात आमचं घराणं पहिल्यापासून पुढे.

जयलक्ष्मीपुरममध्ये तर्कशास्त्राचे एक निवृत्त प्रोफेसर राहत. त्यांच्या वडिलांना कधीकाळी दसऱ्याच्या दरबारात मान म्हणून मखमल मिळाली होती, गडद निळी. इतकी वर्षं ती ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेली. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा प्रोफेसरांनी ती बाहेर काढली आणि बंद गळ्याचा कोट शिवायला आमच्याकडे आणली. लग्न बुधवारचं आणि त्याच संध्याकाळी आरतक्षते, म्हणजे नवरानवरीला खुर्च्यांवर बसवून लोकांनी भेटायचा इकडचा समारंभ. कोट त्यासाठी. मास्तरांनी मखमल मोजली आणि म्हणाले, "बसेल. पण उरणार काही नाही."

बुधवारच्या आधीचा गुरुवार म्हणजे गुड फ्रायडेचा आदला दिवस. त्या दिवशी मास्तर चारलाच निघत ते थेट सोमवारी येत. वर्षातली तेवढीच त्यांची रजा. निघताना त्यांनी मखमल माझ्यापुढे ठेवली. "इंदूबाई, तुम्ही बेता. तुम्हाला येतं."

आप्पा आणि अण्णा अस्तराचं कापड आणायला गेले होते. मी एकटीच. पाठ, दोन पुढे म्हणजे छातीवरचे भाग, बाह्या, सगळे तुकडे कागदाचे कापून ठेवलेले होते, ते मखमलीवर मांडले. अगदी काठोकाठ बसले. मांडता मांडता माझ्या लक्षात आलं, की डावा पुढा उलटा फिरवला, वरची बाजू खाली केली, तर कडेला चांगला वीतभर तुकडा वाचतोय. आप्पांनी जन्मभर अशा वाचवलेल्या तुकड्यांच्या टोप्या शिवल्या होत्या. तेच रक्त माझ्यात. वाचलेल्या तुकड्यात नवरदेवाची टोपी होईल, प्रोफेसर खूश होतील, आप्पा म्हणतील पोरगी शहाणी निघाली. मी पुढा फिरवला आणि कात्री चालवली. अर्ध्या तासात आमच्या घराण्याचं सगळं शहाणपण मी त्या मखमलीवर वापरून मोकळी झाले. मांजराची आठवण मला एकदाही झाली नाही.

तुकडे कोट शिवणाऱ्या कारागिराच्या घरी गेले. कटरने दिलं ते शिवायचं, विचारायचं नाही, असा त्याचा खाक्या. सोमवारी सकाळी कोट परत आला आणि दाराजवळच्या पुतळ्यावर चढला. मास्तर आले ते बायकोने ईस्टरला केलेल्या करंज्यांचा डबा घेऊन. डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि वळले. बाहेरून तिरपं ऊन येत होतं. त्या उन्हात कोटाचा उजवा पुढा गडद निळा दिसत होता आणि डावा फिका, धुवून विटल्यासारखा.

मास्तरांनी एका पुढ्यावरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून. माझ्याकडे बघितलं.  तेवढ्यात आप्पांचंही लक्ष गेलं. आप्पा मुळात शिंपी, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"कोणी बेतलं हे?"

टेबलाजवळ आम्ही दोघं उभे होतो. मला हुबळीचं ते काळं स्वयंपाकघर दिसायला लागलं. 'मी' हा एक शब्द म्हणायचा होता. मी टेबलावरचा खडू उचलला आणि परत ठेवला.

"तप्पायतु आप्पा," मास्तर म्हणाले. "टेबल माझं आहे."

आप्पा लालबुंद झाले. पण ते धंद्यातले, राग गिळून लगेच व्यवहारावर आले. अण्णा म्हणाला, "आरतक्षते संध्याकाळची आहे. मंडपात ट्यूबलाईट. त्या उजेडात कोणाला दिसतंय?" आप्पांना ते पटलं. "हौदु, बरोबर. कोणी बोलू नका. इस्त्री करून पाठवून द्या."

"प्रोफेसरांना सांगायला हवं," मास्तर म्हणाले. "आज आणि उद्या असे दोन दिवस हातात आहेत. काहीतरी करता येईल."

"सांगायचं? आपण होऊन? मास्तर, बुद्धी गहाण ठेवली काय? दुकानाचं नाव जाईल!"

"माझं नाव सांगतो."

"मग तसंच सांगा," आप्पा ओरडले. "दुकानाने नाही, तुम्ही बिघडवलं म्हणून सांगा. आणि मत्ते, परत या दुकानात कात्रीला हात लावायचा नाही."

"बरं," मास्तर म्हणाले.

मखमल चुरगळते म्हणून कोट दोन्ही हातांवर धरून न्यायला कोणीतरी हवं होतं. मी निघाले. जटक्यात मास्तर घोडेवाल्याशेजारी पुढे बसले आणि मी मागे, नैवेद्याचं ताट धरावं तसा कोट धरून. आता बोलेन, त्या झाडापाशी बोलेन, वळणावर बोलेन, असं म्हणता म्हणता जयलक्ष्मीपुरम आलं. मास्तर वाटेत फक्त एवढंच म्हणाले, की करंज्यांत यंदा खोबरं जास्त झालंय.

प्रोफेसरांनी व्हरांड्यात कोट पाहिला. मास्तरांनी लव कशी उलटी गेली ते हात फिरवून दाखवलं आणि म्हणाले, "तप्पायतु सर." प्रोफेसर आधी कानडीत रागावले, मग इंग्रजीत. वडिलांची एकच आठवण राहिली होती, तीही घालवलीत म्हणाले. एवढे म्हातारे झालात, कात्री धरायची लाज वाटत नाही का, म्हणाले. मास्तर चपला पायरीखाली काढून, हात जोडून उभे होते. त्यांच्या मागे मी. खरं बोलायला तिथे कोणाची आडकाठी नव्हती. आप्पाही समोर नव्हते. तरी मी कोटाच्या बटणांकडे बघत राहिले.

दमल्यावर प्रोफेसर खुर्चीत बसले. तर्कशास्त्राचा माणूस, मुद्दा सोडवेना. "मला एक सांगा. तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं. सांगून तुम्हाला काय मिळालं?"

"काही नाही, सर."

"मग?"

मास्तरांना कानडी शब्द सापडेनात. ते मला म्हणाले, "इंदूबाई, यांना सांगा, की चूक माझ्याकडची आहे, ती माझ्याकडेच राहायला हवी. ती त्यांच्या मुलाच्या अंगावर कशी चढवू?"

आणि ते कानडीत सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं.  प्रोफेसर बराच वेळ त्या मखमलीवरून हात फिरवत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "आता काय करता येईल?"

कोटाचं बिनबाह्यांचं जाकीट करता येत होतं. डावा पुढा उसवून सुलटा फिरवायचा, खाली कमी पडेल तिथे बाहीचा तुकडा जोडायचा. रेशमी कुडत्यावर ते शोभलं असतं. मखमल दिव्यावर कापायची नाही, हा मास्तरांचा नियम, म्हणून ते दोन्ही दिवस दारातल्या उजेडात बसून उसवत आणि जोडत राहिले. आप्पांनी कात्रीला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, ते या एका कामापुरतं आप्पांनी स्वतःच सोडून दिलं. मी सुया ओवून देत होते. शेवटी अस्तर लावायची वेळ आली तेव्हा मी हात पुढे केला, तर मास्तर म्हणाले, "राहू द्या, हे मी लावतो." सांधा कुठे आहे ते मला माहीत असूनही शोधावा लागत होता, असं ते जाकीट झालं.

गुरुवारपासून मास्तर चटईवर बसले. कटरने काजं करायला बसणं म्हणजे हेडमास्तराने घंटा बडवण्यासारखं, पण आप्पांनी शब्द फिरवला नाही. आणि दसऱ्याच्या हंगामापर्यंत दुसरा कटर मिळणं कठीण, म्हणून आप्पा मला म्हणाले, "तू तरी नीट बेत." म्हणजे ज्या टेबलावरून मी उतरायला हवं होतं त्या टेबलाशी मी उभी, मास्तरांची कात्री माझ्या हातात, आणि मास्तर माझ्या पायाशी. खालून ते सांगत, "इंदूबाई, या साहेबांची पाठ अर्धा इंच सैल ठेवा, ते वाकून चालतात." रागाचा, टोमण्याचा एक शब्द नाही. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही का घेतलंत अंगावर? तुम्ही मला शिकवलं होतं मखमलीचं."

"मग नीट शिकवलं नसणार."

"मास्तर!"

ते हसले, मग चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही चांगल्या कटर व्हाल. तुम्हाला टेबलावरून उतरवलं असतं तर परत कोणी चढवलं नसतं. मला काय, मी काजं करतानाही मास्तरच."

"मी आप्पांना सांगते."

"सांगायचं तर सांगा. पण माझी परतफेड म्हणून सांगणार असाल तर नका सांगू. परत मिळावं म्हणून केलेलं नाही ते."

कोणी आपल्यासाठी असं काही केलं, तर त्याचं काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आमच्याकडे दिलं-घेतलं सारखं करून टाकायची पद्धत. इथे सारखं करायला जागाच नव्हती. पुढे सहा महिने मी रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी तशीच घरी जायची.

दसऱ्यात आयुधपूजेला दुकानात कात्र्या, टेप, मशिनं सगळी विठोबाच्या तसबिरीपुढे मांडून पूजा होई. पूजा झाली की आप्पा मोठ्या कात्रीला कुंकू लावून ती सगळ्यांसमोर मुख्य कटरच्या हातात देत. तो मान. वीस वर्षं तो मास्तरांचा होता. त्या वर्षी आप्पांनी कात्री माझ्यापुढे धरली. सगळे कारागीर बघत होते. मास्तरही चटईवरून बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर खराखुरा आनंद होता. माझ्यासाठी. तो आनंद मला सोसवेना.

"तप्पायतु आप्पा," मी म्हटलं. "ती मखमल मी बेतली होती."

आमच्या घरातल्या माणसाच्या तोंडून तो शब्द त्या दुकानाने पहिल्यांदा ऐकला. अण्णा कुजबुजला, "आता कोणी विचारलं तुला? सहा महिने झाले!" आप्पा कात्री तशीच धरून उभे राहिले.

"मास्तर, खरं हे?"

"टेबल माझंच होतं, आप्पा."

आप्पांचे गुडघे दुखायचे, ते सहसा खाली बसत नसत. पण ते भिंतीला धरत हळूहळू मास्तरांच्या चटईवर बसले. बराच वेळ कुंकवाने लाल झालेल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उतर म्हणून ओरडणाऱ्यांत मी पण होतो म्हणायचं."

"मी पण असतो, आप्पा," मास्तर म्हणाले. "पुष्कळदा."

आप्पांनी कात्री मास्तरांच्या मांडीवर ठेवली. मी टेबलापासून बाजूला झाले. अट अटच होती, मी मनाने हुबळीच्या गाडीत बसलेही होते. आप्पांनी वर बघितलं आणि करड्या आवाजात म्हणाले, "कुठे निघालीस? टेबल लांब आहे. दोघं उभे राहा."

आप्पा शेवटपर्यंत विठोबाचेच राहिले, आणि मीही. मास्तरांनी आम्हाला कधी त्यांच्या देवळात बोलावलं नाही. फरक पडला तो एवढाच, की त्यानंतर एखादा कोट आखूड झाला तर आप्पा सवयीने "कापड..." म्हणून सुरुवात करत, मग खोकत, मास्तरांकडे बघत आणि वाक्य तिथेच सोडून देत. 'तप्पायतु' काही त्यांच्या तोंडून आलं नाही. पण ते जुनं वाक्यही पुरं होईना.

डोळे अधू झाले तेव्हा मास्तरांनी काम सोडलं आणि ते आणि त्यांची बायको येलवालला छोट्या घरात राहायला गेले. मी रविवारी दुपारी हुणसूरच्या बसने त्यांना भेटायला जायची. ते माझ्या पदराच्या शिवणीवरून बोट फिरवून हातशिलाई कोणाची ते ओळखत. गेले तेही तिथेच. मातीवर साधा लाकडी क्रूस रोवला होता, त्याची आडवी फळी किंचित तिरकी बसली होती. मास्तर असते तर म्हणाले असते, पाव इंच चुकलं. मी रडत होते आणि मला हसू येत होतं.

आता सरस्वतीपुरममध्ये माझं स्वतःचं दुकान आहे. बेतायच्या टेबलाशी चार बायका उभ्या असतात. मी कोणाच्या धुराच्या स्वयंपाकघरात म्हातारी झाले नाही, हे त्या एका माणसामुळे. हे मी देवापुढे रोज म्हणते. कोणत्या देवापुढे, ते मी बघत बसत नाही.

परवा एक मुलगा जाकीट घेऊन आला. गडद निळी मखमल. प्रोफेसरांचा नातू. त्याचं लग्न आहे, वडिलांनी त्यांच्या लग्नात घातलेलं जाकीट त्याला घालायचंय, खांद्यात थोडं सैल करून हवं.  त्याला बसवलं आणि दारातल्या उजेडात मी अस्तर उसवलं.

डाव्या पुढ्याच्या खाली, सांध्यापाशी, पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके होते. एक आडवा, एक उभा.

इथे मास्तर चुकला. त्या टाक्यांचा एवढाच अर्थ होता, आणि तो मला ठाऊक होता. ते घातले तेव्हा मी त्यांच्या समोर सुई ओवून देत बसले होते, तोंड मिटून. मी पुढे कधी बोलेन हे त्यांना माहीत नव्हतं. मी जन्मभर बोलले नसते, तरी ते टाके तिथे असेच राहिले असते.

"तप्पायतु, मगा," मी त्या मुलाला म्हटलं. मगा म्हणजे बाळा. "हा मुळात कोट होता. बेतताना बिघडला. खरं कोणी बिघडवला, ते तुझ्या आजोबांना सांगायचं राहून गेलं."

तो जाकीट उलटंपालटं करून बघायला लागला. "किती छान आहे, आंटी! चूक कुठे आहे?"

मी त्याचं बोट धरून त्या टाक्यांवर ठेवलं.

"ही चूक कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. "हे टाके मास्तरांचे."

मग टाक्यांना धक्का न लावता मी अस्तर परत लावायला घेतलं. सुई त्या मुलालाच ओवून द्यायला सांगितली, मला भोक दिसत नव्हतं.